देज, उचल आणि ठाण्यातली नोकरी : लग्न ठरताना आपली पोरं-पोरी जे प्रश्न सारखे विचारतात

मी वारली. बाबा जव्हारकडचे, वागळे इस्टेटमधे हेल्पर म्हणून कामाला लागले आणि मग आम्ही सगळे कळव्याला आलो. आता मी ऐरोलीला नोकरी करते, आणि दर वर्षी दिवाळी झाली की फोन सुरू होतात, ताई देज किती सांगायचं, ताई पोराकडचे असं म्हणतात, ताई उचल (कामाआधीच घ्यायचे पैसे, जे नंतर राबून फेडायचे) घेऊ का. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते. जास्त करून वारली आणि कातकरी घरांबद्दल लिहिलंय कारण तेच मी जवळून बघितलंय, पण ठाकूर, कोकणा, मल्हार कोळी घरातल्या मैत्रिणी पण हेच सांगतात.

देज म्हणजे हुंडाच ना शेवटी? ऑफिसमधे सगळे असंच म्हणतात.

नाही. हुंडा मुलीकडून मुलाकडे जातो, देज मुलाकडून मुलीच्या बापाकडे येतं. आपल्यात पोरगी म्हणजे कधी ओझं नव्हतं, ती लावणी करते, लाकडं आणते, बाजार करते, घरातलं एक कमवतं माणूस दुसऱ्या घरी चाललंय तर त्या घराने मान म्हणून काहीतरी द्यायचं. भात, लुगडं, थोडे रुपये, मांडवातल्या जेवणाचा आणि दारूचा खर्च, असं सगळं मिळून देज. ऑफिसमधे कोणी "म्हणजे तुम्ही मुलगी विकता का" असं विचारलं (मला विचारलंय, डबा खाताना) तर गप्प बसू नका, नीट समजावून सांगा, कारण विकलेल्या वस्तूला परत यायची मुभा नसते आणि आपल्या पोरीला नवऱ्याचं पटलं नाही तर बापाच्या घराचं दार उघडं असायचं, पंच बसायचे, हिशेब व्हायचा आणि ती दुसरं घर पण करू शकायची.

पूर्वी ठरवायचं कोण?

पाडा ठरवायचा. दोन्हीकडचे जाणते बसायचे, सुपारी, थोडी दारू, आणि आकडा जवळपास ठरलेलाच असायचा, सगळ्यांच्या पोरीला साधारण तेवढंच, त्यामुळे आजीच्या बोलण्यात कधी "माझ्या पोरीला जास्त" असं आलंच नाही. एखाद्या पोराकडे द्यायला काहीच नसलं तर तो घरोर म्हणून मुलीच्या घरी राहायचा, काही वर्षं शेतात राबायचा आणि तेच त्याचं देज. पैसा नसला तर हात चालायचे, ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण शहरात आल्यावर सगळ्यात आधी हीच सोय गेली. कळव्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत घरोर झोपवणार कुठे आणि त्याच्याकडून काम कसलं करून घेणार?

मग ठाण्या-मुंबईला आल्यावर नक्की काय काय बदललं?

पहिलं म्हणजे भात गेला आणि रोख आली. दुसरं म्हणजे पैसा कोणाच्या हातात, ते बदललं. आधी देज बाप आणि चुलते मिळून जमवायचे म्हणून लग्नात त्यांचा शब्द चालायचा. आता पोरगा भिवंडीच्या गोडाऊनला किंवा तुर्भ्याच्या नाक्यावरून बिगारी कामाला जाऊन स्वतः कमावतो, स्वतः देतो, मग तो म्हणतो पोरगी मी पसंत करणार. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही, उलट कितीतरी पोरींना आपल्या मनाचा नवरा यामुळेच मिळाला. पण देणारा एकटा झाला की अडचणीतही तो एकटाच असतो, हे दुसरं टोक कोणी सांगत नाही.

तिसरं म्हणजे साक्षीदार गेले, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा बदल हाच. माझ्या मावसभावाचं देज ठरलं तेव्हाचं सांगते. मुलीकडचे दिव्याला राहतात, आम्ही कळव्याला, पंच गावाला, त्यामुळे रविवारी दुपारी आमच्या खोलीत सगळे बसले आणि पंचांना व्हिडिओ कॉल लावला, फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला. बोलणं झालं, आकडा ठरला, आणि भाऊ पटकन म्हणाला नंबर सांगा, गूगल पे करतो. टिंग वाजलं, मुलीच्या बापाच्या फोनवर मेसेज आला, झालं. तर तिकडून म्हातारे पंच म्हणाले, काय झालं? कोणी मोजलं? मी तर काही बघितलं नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी मुलीच्या बापाने पैसे परत पाठवले, भाऊ स्टेशनजवळच्या एटीएमला गेला, पहिल्यात कॅश नव्हती, दुसऱ्यात लाईन, पाऊण तासाने आला. मग ताटात तांदूळ, हळद-कुंकू, सुपारी, त्यावर नोटा, आणि मुलीच्या मामाने एकेक नोट मोठ्याने मोजली, पंच तिकडून मान हलवत होते, खोलीतली लहान पोरं पण मोजत होती. तेव्हा मला कळलं की मोजणं पैशासाठी नसतंच, उद्या पोरीला काही झालं तर "आमच्यासमोर मोजलं होतं" म्हणून उभी राहणारी पंधरा माणसं तयार करण्यासाठी असतं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, पैसे कसेही पाठवा पण मोजा सगळ्यांसमोर.

आणि धवलेरी? हॉलवाले म्हणतात भटजी आमचा आहे, त्याचाच घ्या.

धवलेरी आणा. गावाहून आणावी लागली तरी आणा, खोपट स्टँडला उतरवून घ्या, तिचं भाडं द्या, तिला मान द्या. आपलं लग्न ती लावते, तिच्या गाण्यांनी लागतं, बाईने लावलेलं लग्न दुसऱ्या किती जणांत असतं सांगा. मागच्या वर्षी एका लग्नात चौक (लग्नाचं चित्र, जे सवासिणी तांदळाच्या पिठाने काढतात) भिंतीवर न लिहिता फ्लेक्सवर छापून आणलेला, पालघट देवी सुद्धा छापलेली, सवासिणी बाजूला खुर्चीवर बसून होत्या, काय करायचं ते त्यांना कळेना. भिंत हॉलवाल्याची आहे हे मान्य, पण कापडावर किंवा प्लायवर तांदळाच्या पिठाने लिहिता येतं की.

वीटभट्टीच्या शेठकडून लग्नासाठी उचल मिळतेय. सगळेच घेतात. घेऊ का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून इथे थोडं लांबण लावते.

भट्टीचं काम दिवाळीनंतर सुरू होतं ते पावसाच्या तोंडापर्यंत. भिवंडी, पडघा, कल्याण, मुरबाड, पनवेल, जिथे बघाल तिथे आपलीच माणसं, कातकरी तर जास्तच. पावसाळ्यात हाताला काम नसतं, घरात दाणा नसतो, बरोबर तेव्हा मुकादम येतो आणि बयाणा देतो. लग्न असलं तर जास्त देतो. का? कारण भट्टीवर माणूस मोजत नाहीत, जोडी मोजतात. एकटा पोरगा म्हणजे अर्धी जोडी. त्याचं लग्न लागलं की शेठला पूर्ण जोडी मिळते, एक माती करतो, एक विटा पाडते. म्हणजे शेठ लग्नाला पैसे देतो ते प्रेमाने नाही, आणि आपल्या पोरींची लग्नं लवकर होतात त्याचं एक कारण हेच, रिवाजाला उगाच दोष देतात. ऊसतोडीला बीड-नगरकडे कोयता म्हणतात, तिथे पण एक कोयता म्हणजे नवरा-बायको, तीच गोष्ट.

माझ्या आत्याच्या पोराने लग्नासाठी अशीच उचल घेतली. देज, मांडव, डीजे, सगळं झकास झालं. हळद अंगावर असतानाच दोघं भट्टीवर गेले. दर आठवड्याला खर्ची मिळायची, तांदूळ-तेल-बिडी त्यातच. पावसाआधी हिशेब झाला तेव्हा आत्याने मला सोबत नेलं कारण मला वाचता येतं. शेठची लाल वही, त्यात हजार विटांचा भाव एका बाजूला, खर्ची दुसऱ्या बाजूला, आजारी पडलेले दिवस वजा, पावसात भिजलेल्या कच्च्या विटा वजा, आणि खाली बाकी. सात महिने दोन माणसं पहाटे तीनला उठून राबली आणि तरी त्यांच्याच अंगावर बाकी. वहिनीने विचारलं, माझी मजुरी कुठे लिहिलीय? तर शेठ म्हणाला जोडीचा एकच हिशेब असतो. तिचं नाव वहीत कुठेच नव्हतं. ज्या पोरीच्या कामाचा मान म्हणून देज दिलं, तिचंच काम वहीत नाही! मला अजून राग येतो.

आणि हे नवीन नाहीये. आपल्या पणजोबांच्या काळात याला लग्नगडी म्हणायचे. लग्नासाठी सावकाराकडून थोडे रुपये घ्यायचे आणि नवरा-बायको दोघं त्याच्याकडे गडी म्हणून राबायचे, फिटेपर्यंत, आणि ते फिटायचंच नाही. १९४५ च्या जानेवारीत आपल्या टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं, तिथे वारली माणसं गेली होती, मग मे महिन्यात तलासरीकडच्या झरी गावात परिषद झाली, किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर सोबत होते, आणि वेठ-लग्नगडी बंद करायचं ठरलं. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्यांच्यासोबतची माणसं गेली. एवढी किंमत देऊन लग्नगडी मोडलं आणि आपण ते उचल या नावाने परत घरात घेतोय. म्हणून माझं उत्तर साफ आहे, लग्नासाठी उचल घेऊ नका. देज कमी करा, डीजे रद्द करा, लग्न वर्षभर पुढे ढकला, पण उचल नको.

आधीच घेतलीय. आता सोडून आलो तर पोलीस केस करतील म्हणतात.

घाबरू नका. वेठबिगार पद्धत बंद करणारा कायदा १९७६ चा आहे आणि त्यात लिहिलंय की उचलीपोटी माणसाला बांधून राबवणं गुन्हा आहे, असं कर्ज फेडायची जबाबदारी पण संपते. तहसीलदार किंवा कलेक्टरकडे अर्ज करायचा, जिल्ह्यात दक्षता समिती असते. एकटे जाऊ नका, संघटनेला सोबत घ्या, वसईहून सुरू झालेल्या श्रमजीवी संघटनेने १९८२ पासून हेच काम केलंय आणि ठाणे-पालघर-रायगडात त्यांची माणसं आहेत. जाताना किती उचल घेतली, कधीपासून काम, खर्ची किती, जे आठवेल ते लिहून न्या, तुमची स्वतःची वही ठेवा, मोबाईलमधे फोटो ठेवा. आणि बायकोचं नाव वेगळं लिहा.

मी स्वतः महापेला पंधरा हजार कमावते. माझं देज बाबांनी का घ्यायचं? मला का नाही?

खूप चांगला प्रश्न आहे आणि आजीच्या वेळी तो पडायचं कारणच नव्हतं. तेव्हा पोरीचं काम घरात धरायचे, म्हणून घराला मोबदला. आता तुझा पगार तुझ्या खात्यात येतो. मी बघितलंय त्यात तीन प्रकार चाललेत. काही घरात बाप देज घेतो आणि तेच पैसे पोरीच्या नावावर ठेवतो किंवा भांडी-कपाट घेऊन देतो. काही घरात बाप म्हणतो आम्ही तिला बारावी शिकवली, नर्सिंगला घातलं, तर देज जास्त हवं. आणि काही पोरी म्हणतात एक रुपया, सुपारी, नारळ, बस. मला तिसरा पटतो, पहिला चालेल. दुसरा नको वाटतो, कारण शिक्षणाचा भाव लावला की न शिकलेल्या बहिणीचा भाव आपोआप पडतो, आणि हे मी एकाच घरात सख्ख्या बहिणींमधे बघितलंय, धाकटी लग्नात तोंड पाडून बसलेली. शिवाय जास्त देज देऊन आणलेल्या सुनेला सासरी ऐकवतात, एवढे मोजलेत, आता नोकरी चालू ठेव आणि पगार इकडे दे.

मुलगा आपल्याच समाजातला आहे, ठाण्यात परमनंट आहे. देज तर देतच नाहीत, वर बाईक आणि फर्निचर मागतात. "इथे सगळे देतात" म्हणतात.

नाही म्हणा. एकदम स्पष्ट. हे आपलं नाही, आपण शेजाऱ्यांचं बघून उचललंय. चाळीत बाजूच्या घरी सून फ्रिज घेऊन आली, मग आपल्या आईला वाटतं आपण मागासलेले दिसू. असं करत दहा-पंधरा वर्षांत पैशाची दिशाच उलटी झाली आणि कोणी आवाज केला नाही. देज घेणाऱ्या बापाच्या घरात पोरगी जन्मली तर आनंद होता, हुंडा देणाऱ्या बापाच्या घरात काय होतं ते शहरातल्या लोकांना विचारा. गावाला पाच दिवस चालणारं लग्न इथे एका दिवसात उरकतं, ठीक आहे, कपडे बदलले, ठीक आहे, पण ही एक गोष्ट शहराकडून घेऊ नका.

कायदा पण सांगते. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा, तो आदिवासींना पण लागू आहे, हुंडा घेणं-देणं दोन्ही गुन्हा, कमीत कमी पाच वर्षं शिक्षा. लग्नानंतर पैशासाठी छळ केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, जुनं ४९८-अ तेच. आणि हे पण माहीत असू द्या की त्या कायद्याची व्याख्या एकतर्फी नाही, कुठल्याही पक्षाने दुसऱ्याला लग्नापोटी दिलेलं त्यात येऊ शकतं, म्हणजे देजाच्या नावाने लाखाची मागणी करणाऱ्या बापांनी पण ते वाचावं.

आम्ही तीन वर्षं एकत्र राहतो, एक मुलगी आहे, देज आणि लग्न बाकी आहे. काही प्रॉब्लेम?

आपल्यात हे चालतं, माझ्या काकांच्या लग्नात त्यांची दोन पोरं नाचत होती, कोणाला काही वाटलं नाही. झारखंडकडे पण अशी जोडपी असतात, गावजेवण परवडत नाही म्हणून लग्न राहिलेली, तिकडे त्यांना ढुकू म्हणतात. पण घर भाड्याने घेताना, रेशन कार्डावर नाव घालताना, मुलीच्या शाळेत, उद्या नवऱ्याला कामावर काही झालं तर भरपाई घेताना कागद लागतो. साधं लग्न लावून घ्या, धवलेरी, पाच माणसं, सव्वा रुपया, फोटो काढा, आणि नोंदणी करा.

आणखी एक. हिंदू विवाह कायदा १९५५ आदिवासींना सरसकट लागू नाही, आपलं लग्न रूढीने चालतं, आणि कोर्टात रूढी सिद्ध करावी लागते. २००१ मधे सुप्रीम कोर्टात एका आदिवासी बाईने नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाविरुद्ध केस केली होती, ती हरली, कारण दुसरं लग्न चालत नाही असं त्यांच्या रूढीत आहे हे पुढे आणलंच गेलं नव्हतं. म्हणून परत सांगते, साक्षीदार, फोटो, पंचांची सही.

पटलं नाही तर देज परत द्यायचं का?

जुनी रीत अशी की बाई दुसऱ्याकडे गेली तर नवा नवरा पहिल्याचं देज फेडतो. पण आता होतं काय, बापाने देजाच्या पैशात घरावर पत्रे घातलेले असतात, परत कुठून देणार, म्हणून पोरीला म्हणतात सहन कर. मार खाऊन राहायचं कारण देज असेल तर ते देज कामाचं नाही. युगांडात याच मुद्द्यावर बायका कोर्टात गेल्या आणि २०१५ मधे तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लग्न मोडताना वधूमूल्य परत मागणं घटनाबाह्य आहे. आपल्या पंचांनी पण ठरवायला हरकत नाही, मारझोड असेल तर परत काही नाही.

हे फक्त आपल्याकडेच झालं का?

नाही हो. दक्षिण आफ्रिकेत लोबोला म्हणतात, गुरं द्यायची. तिकडे किंबर्लीला हिरे आणि १८८६ मधे जोहान्सबर्गला सोनं सापडलं, झुलू आणि इतर पोरं खाणीत कामाला गेली, मजुरीतून स्वतः गुरं घ्यायला लागली आणि बापाच्या गोठ्याची वाट बघणं संपलं. अगदी भिवंडीच्या गोडाऊनसारखंच. त्याच्याही आधी, १८६९ मधे तिथल्याच नाताळ नावाच्या प्रांताच्या इंग्रज सरकारने सामान्य माणसासाठी दहा गुरं असा आकडा बांधला, आणि वरची मर्यादा म्हणून लिहिलेला आकडा हळूहळू हक्काचा भाव होऊन बसला. पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात शिंपले द्यायचे, १९३० च्या दशकात सोनं शोधायला आलेल्या गोऱ्यांनी विमानाने शिंपले आणून मजुरीत वाटले, तर शिंपल्यांचीच किंमत पडली, वधूमूल्याला जास्त शिंपले लागायला लागले. तिथल्या नोटेचं नाव आजही किना आहे, त्या शिंपल्याचंच नाव.

मग आपल्या पंचांनी एक आकडा ठरवावा का?

झाबुआ-अलिराजपूरकडे भिल्ल समाजाने दापा (तिकडचं देज), दारू, डीजे यावर मर्यादा घालायचे ठराव केलेत, गुजरातच्या मजुरीमुळे तिकडे दापा खूप चढला होता. आपल्याकडे जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी, शहापूर हे भाग पेसा कायद्यात येतात, १९९६ चा कायदा, ग्रामसभेला आपल्या रूढी जपायचा अधिकार आहे, तिथे ठराव घेता येतो. कळव्या-दिघ्यात ग्रामसभा नाही. पण मंडळं आहेत, एकाच पाड्याची दहा घरं आहेत, ती बसू शकतात. फक्त आकडा लिहिताना "यापेक्षा जास्त नाही" असं लिहा आणि खाली "नसेल तर सुपारी चालेल" हे पण लिहा, नाहीतर नाताळसारखं होईल.

येऊरच्या (ठाण्याला लागूनच्या डोंगरातल्या) पाड्यांवरचे लोक कुठे गेलेच नाहीत, मग तिथे का बदललं?

कारण शहरच त्यांच्या दारात आलं. वणीचा पाडा, पाटोणापाडा, जांभूळपाडा, इथली पोरं खाली कामाला जातात आणि रात्री घरी येतात, बायका जंगलातला रानमेवा खाली आणून विकतात. घर तेच, पैसा शहराचा. तिथे अजून पंच चालतात, मोजणी सगळ्यांसमोर होते, म्हणून मला वाटतं तिथल्या म्हाताऱ्यांकडून आपण विचारून घ्यायला हवं, ती माणसं आहेत तोपर्यंत.

ताई, तुझ्या लग्नात किती घेतलं?

एकशे एक रुपये आणि आजीला लुगडं. नवरा डहाणूकडचा, पण वाढला घणसोलीत. बाबांना आधी जास्त हवं होतं, शेजारच्यांनी घेतलं होतं म्हणून, दोन रात्री बोलणं बंद होतं. आजी गावाहून आली, तिला नोटा मोजायला दिल्या, तर तिने शंभराची नोट बाजूला ठेवली आणि एक रुपयाचं नाणं हातात धरून मोठ्याने म्हणाली, एक. मग सगळ्यांकडे बघत बसली, प्रत्येकाने मान हलवेपर्यंत. ते नाणं तिच्या चंचीत होतं, ती गेल्यावर आईने मला दिलं.